पुंजारामभाऊंचा समुद्र

रुख्मिणीचा नवरा सगळं जग पाहून आला होता, आणि या गोष्टीचा तिला मनापासून राग होता.

राग उघडा होता, त्यात लपवाछपवी काही नव्हती. पुंजाराम दौऱ्यावरून आला, पिशवी टेकवली, पाय धुतले की दुसऱ्या मिनिटाला ती म्हणायची, "आले जग पाहून? पाहा बाप्पा. आमी आहोच इथं भांडे घासाले." तो हसायचा. चहा मागायचा. आणि संध्याकाळी राजापेठेच्या मागच्या त्या गल्लीत, दारापुढे खाट टाकून, सांगायला बसायचा.

सांगायची हातोटी त्याची जबरदस्त. कोचीच्या खाडीवरची चिनी जाळी पाण्यातून वर कशी येतात ते तो दोन्ही हात वर करून दाखवायचा. महाबलीपुरमची दगडी देवळं, पुद्दुचेरीच्या पिवळ्या भिंती, नेपाळातला डोंगर. आणि सगळ्यात रंगायचा तो लंकेतल्या गॉलच्या किल्ल्यावर. "तटावरून चालले ना, तर या हाताले गाव, त्या हाताले समुद्र. मधात तुमी. कोपऱ्यावर पांढराफेक दीपस्तंभ. अन् सूर्य बुडते कसा? कोनी हात धरून पाण्यात उतरवल्यावानी बुडते." गल्लीतली माणसं ऐकत राहायची. रुख्मिणी दारात उभी राहून ऐकायची. राग असला तरी कान कुठे बंद करणार? आणि खरं सांगायचं तर त्या घटकेला तिचा राग कुठल्या कुठे जायचा. मग डोळे मोठे करून तीच विचारायची, "पानी आवाज करते म्हनता, म्हंजे कसा आवाज?"

कारण तिने समुद्र पाहिला नव्हता. माहेर अकोल्याचं, जुन्या शहरातलं. सासर अमरावती. मोठं पाणी म्हणजे मोर्शीकडचं धरण, तेही एकदा पावसाळ्यात दारं उघडली तेव्हा. वऱ्हाडातल्या माणसाला समुद्र कुठल्याही बाजूने जवळ नाही.

पुंजाराम मूळचा नांदगाव खंडेश्वरचा. गावातल्या लग्नांत चुलवणाशी बसता बसता स्वयंपाकात हात बसला. पुढे दरवर्षी मोझरीच्या आश्रमात पुण्यतिथी महोत्सवाला सेवा म्हणून स्वयंपाकाला जायचा. तिथे भगवंतरावांनी त्याच्या हातचं बेसन-भाकर खाल्लं आणि त्याचा पत्ता विचारला. भगवंतराव राजापेठेत यात्रा कंपनी चालवत. त्यांनी एक गोष्ट अचूक ओळखली होती. वऱ्हाडी माणूस खुशाल समुद्र ओलांडेल, पासपोर्टवर शिक्के मारून घेईल, पण संध्याकाळी ताटात गरम भाकर आणि ठेचा दिसला नाही तर त्याचा सगळा प्रवास नासतो. घरी परतल्यावर त्याला देऊळ आठवत नाही, किल्ला आठवत नाही, आळणी वरण मात्र चार वर्षं आठवतं. म्हणून भगवंतरावांच्या प्रत्येक सहलीबरोबर स्वयंपाकी जायचा. जाहिरातीत हॉटेलच्या फोटोपेक्षा मोठ्या अक्षरांत छापलेलं असायचं, 'सोबत आपला आचारी'. तो आचारी म्हणजे पुंजाराम.

इकडे रुख्मिणीने वीस-बावीस वर्षं घर ओढलं. राजापेठेत शिकवणीला आलेल्या पोरांचे डबे केले. सासू अंथरुणाला खिळली तेव्हा हा नेपाळात. प्रणाली जन्मली तेव्हा कोचीत. "पोरगी झाली" हा निरोप त्याला दोन दिवसांनी मिळाला, आणि त्याने परत येऊन काय केलं, तर बाळ मांडीवर घेऊन त्या जाळ्यांचंच वर्णन! तेव्हापासून तो राग रुख्मिणीच्या मनात पक्का घर करून बसला. बाई वाईट नव्हती. पण आपल्या वाट्याला काय आलं आणि त्याच्या वाट्याला काय आलं, हे ती रोज पोळ्या लाटताना मनातल्या मनात तोलायची, आणि पारडं रोज एकाच बाजूला झुकायचं.

यंदा पुंजारामच्या हाताखालच्या नितेशचा पोलीस भरतीत नंबर लागला. लंकेची सहल तोंडावर आलेली. नवीन माणूस आयत्या वेळी कुठून आणायचा? भगवंतरावच म्हणाले, "वहिनींनाच घेऊन जा ना. त्यांच्या हातचं तर क्लासची पोरं बोटं चाटून खातात."

रुख्मिणीला हे सांगताना पुंजारामचा चेहरा का पडला होता, ते तिला तेव्हा कळलं नाही. तिला वाटलं, एकट्याची मजा गेली म्हणून पडला. "मले समुद्र पाहाचा हाय," तिने बजावलं. "अन् तो तुमचा गॉलचा किल्ला. तुमीच दाखवाचा. दुसऱ्या कोनासंग नाई पाहानार मी."

"दाखवतो ना," तो म्हणाला.

विमानात बसल्यावर समुद्र दिसेल असं प्रणालीने फोनवर सांगितलं होतं. पण खिडकीशी गोवर्धनकाका बसले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, आयुष्यभर पाण्यात काम केलेले हे गृहस्थ. त्यांनी विमान सुटायच्या आत खिडकीचं झाकण ओढलं आणि कोलंबोपर्यंत घोरत राहिले. रुख्मिणी त्यांच्या टकलाकडे पाहत समुद्रावरून गेली.

पहिला मुक्काम कँडीला. मंडळी बसमधून तळं आणि देऊळ पाहायला गेली. हॉटेलच्या मागच्या बाजूला एक पत्र्याची खोली, तिथे गॅस, पोती, पातेली. रुख्मिणीने पदर खोचला. "आपन कवा जाचं?"

"सैपाक होऊ दे."

स्वयंपाक झाला. तोवर मंडळी आली. वाढणं झालं. भांडी झाली. दुसऱ्या दिवशीच्या नाश्त्याचे कांदे चिरून झाले. पहाटे मंडळींच्या आधी सामानाची गाडी निघणार म्हणून डबे बांधून झाले. बसमधले लोक रस्ताभर देश पाहत येणार होते. हे दोघं मागे पिठाच्या पोत्यांना टेकून, बंद गाडीतून, डोळे मिटत पुढे. रुख्मिणीला वाटलं, पहिल्या मुक्कामाची धांदल आहे, होईल बरोबर.

गॉलला त्यांचं हॉटेल किल्ल्याच्या आतच होतं. जुन्या धाटणीचं, पुढे पडवी, खांब, कुंड्या. स्वयंपाकघर अर्थातच मागे. त्याला खिडकी नव्हती. भिंतीत वर चार जाळीच्या विटा होत्या, त्यांतून एक आवाज आत यायचा. ओढल्यासारखा, मग आपटल्यासारखा, मग पुन्हा ओढल्यासारखा. रुख्मिणीचे पिठातले हात थांबले. "हे काय वाजून राह्यलं?"

"समुद्र," पुंजाराम म्हणाला आणि मिरच्या भाजायला वळला.

इतका जवळ! तिच्या अंगावर काटा आला. "चाला ना मंग! दोन मिनिटं!"

"आता भाकरी टाकाच्या हाय, रुख्मे. बस सातले येते. उद्या जाऊ."

ती चिडली, पण थांबली. दोन दिवसांचा मुक्काम होता. चोरून दारातून डोकावायचं तिच्या मनात नव्हतं; ज्याने इतकी वर्षं सांगितलं, त्यानेच बोट करून दाखवावं, असा तिचा हट्ट होता. दीपस्तंभ कोणत्या अंगाला, असं तिने मध्येच विचारलं. तव्यावरून नजर न काढता त्याने हाताने मागची बाजू दाखवली.

सातला मंडळी आली. पंगत बसली. पुंजाराम गरम भाकरी घेऊन वाढत फिरू लागला, आणि रुख्मिणी मागून पिठलं घेऊन निघाली.

"मंग काका, काय पाह्यलं आज?" पुंजाराम गोवर्धनकाकांना विचारत होता.

"किल्ला पाहिला. भाकर कडक नाही न आज?"

"नाई जी, पाहा ना, नरम हाय. किल्ला कसा होता? किती चालले तुमी तटावरून?"

"चाललो असेन अर्धा तास."

"अन् सूर्य? बुडतानी पाह्यला का? कसा दिसे?"

काकांनी घास गिळला, जरा विचार केला. "आज ढग होते. पण लाल नव्हता, जांभळा होता. वांग्याच्या सालीसारखा."

"जांभया!" पुंजाराम थबकलाच. तोंडातल्या तोंडात त्याने तो शब्द पुन्हा म्हणून पाहिला. मग पुढच्या ताटाकडे गेला. तिथल्या बाईंना विचारलं, तटावर पोरं पतंग उडवतात का. त्यापुढच्या जोडप्याला विचारलं, दीपस्तंभाच्या आत जाऊ देतात का. लोक भाकरी मोडता मोडता सांगत होते. कोणी अर्धं सांगे, कोणी नुसतं 'छान होतं' म्हणून ठेचा मागे. आणि तो प्रत्येकाकडून मिळेल तेवढं वेचून घेत होता.

रुख्मिणी पिठल्याचं भांडं हातात घेऊन तशीच उभी राहिली. ज्याने पाहिलंय तो असं विचारत नाही. तिला एकदम सगळं लख्ख कळलं. गल्लीतली ती खाट, तो उंचावलेला हात, ते चिनी जाळं. सगळं कोणाच्या ना कोणाच्या ताटावरून उचललेलं होतं.

"वहिनी, पिठलं," कोणीतरी म्हणालं.

पंगत उठली, भांडी मोरीत पडली, तेव्हा तिने विचारलं. "तुमी हा किल्ला पाह्यला काय कवा?"

पुंजाराम कढई घासत राहिला.

"मी इचारून राह्यली."

"नाई."

"कोचीची चिनी जायी?"

"नाई."

"म्हंजे वीस-बावीस वर्षांत..."

"रस्ते पाह्यले गाडीतून. येक डाव पुद्दुचेरीले नारळ आनाले गेलतो, तवा दोन घरांच्या मधातून पट्टीयेवढा समुद्र दिसला. निया होता." त्याने कढई पालथी घातली. "कवा जाऊ, सांग. लोक फिराले जाते तवाच सैपाक. लोक येते तवा वाढनं."

"मंग खोटं काऊन सांगे तुमी?"

त्याने ओले हात पंचाला पुसले. "पयल्या डावाले आलो, तवा तू इचारलं, कसं हाय म्हून. डोये मोठे करून बसली समोर. तुले काय सांगू? सिलिंडर सांगू? मोरी सांगू? आयकल्यालं सांगतलं. तुले आवडलं. मंग तसंच चालू झालं."

रुख्मिणीला इतका संताप आला की तिने हातातली पळी आपटली. संताप खोटेपणाचा नव्हताच, आणि हे तिचं तिलाच उमगत नव्हतं. वीस-बावीस वर्षं ती या माणसावर एका गोष्टीसाठी रागावली होती, आणि ती गोष्ट त्याने केलेलीच नव्हती. तो तिथे कोचीत भांडी घासत होता, ती इथे राजापेठेत भांडी घासत होती, आणि ती त्याला 'आले जग पाहून' म्हणून टोचत होती. एकदाही तो म्हणाला नाही की नाही पाहिलं ग मी. टोमणे घेतले, चहा मागितला, आणि तिच्यासाठी समुद्र सांगत बसला. आता हा एवढा राग घेऊन जायचं कुठे? तिला रडू आलं. ती मुळीच रडूबाई नव्हती, म्हणून पुंजाराम घाबरला.

"उद्या तू जाय," तो म्हणाला. "चार वाजता. मी करतो सगळं."

"तुमी जा," ती नाक पुसत म्हणाली. "मी दोन हातांनी पन्नास पोट्ट्यायचे डबे केले. माह्यानं भाकरी नाई होत काय?"

यावरून दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचं चांगलंच वाजलं. मंडळी पलीकडच्या उनावतुनाच्या किनाऱ्यावर गेलेली. दोघांनी निघावं तर भाकरी कोण टाकणार, हा प्रश्न होताच. तो म्हणे तू जा, ती म्हणे तुम्ही जा. शेवटी रुख्मिणीने त्याच्या हातातून परात ओढली, त्याला खांद्याला धरून मागच्या दाराबाहेर काढलं आणि कडी लावली.

पुंजाराम गेला. तिने पहिली भाकर थापली, तव्यावर टाकली, मनात म्हणाली, आता पोचला असेल. दुसरी थापली. आता तटावर चढला असेल. आठ-दहा भाकरी होतात न होतात तोच कडी वाजली.

"काय झालं? रस्ता नाई सापडला?"

"सापडला ना. पाह्यला." तो आत येऊन लगेच शेगडीशी वाकला. "आंच मोठी ठेवली तू. करपते."

"समुद्र पाह्यला?"

"हो."

"कसा हाय?"

पुंजारामने भाकर उलटली. "मोठा हाय," तो म्हणाला.

रुख्मिणी वाट पाहत राहिली. पुढे काही येईना. न पाहिलेल्या समुद्रावर जो माणूस गल्लीभर लोकांना तासभर जागेवरून हलू देत नव्हता, त्याच्याजवळ पाहिलेल्या समुद्राबद्दल दोन शब्द होते! तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. शर्टाच्या बाहीला पीठ तसंच होतं. हा तटावर उभा राहिला असेल, आणि उभ्या उभ्या मनात म्हणत असेल, आंच मोठी तर नाही, पीठ सैल तर नाही, बस लवकर तर नाही येणार. डोळे तिकडे, जीव इकडे. परतला तो धावतच परतला असणार, दम लागलेला दिसत होता.

"आता तू जाय," तो म्हणाला. "अर्धा घंटा हाय."

"येकटी? मी येकटीनं पाहाले आली काय इथवर?"

मग बस आलीच. त्या संध्याकाळी पुंजारामने पंगतीत कोणालाही काही विचारलं नाही. गोवर्धनकाकांना चुकल्याचुकल्यासारखं झालं. त्यांनी आपणहूनच किनाऱ्यावरच्या कासवाची गोष्ट सांगायला घेतली, तर पुंजाराम "वरन घ्या" म्हणून पुढे सरकला.

तिसऱ्या दिवशी परतीचा प्रवास. सातला नाश्ता, लगेच बस. उजाडायच्या सुमाराला पुंजाराम उठून पाहतो तर रुख्मिणी वेणी घालून, चपला पायात घालून दारात उभी.

"कोठी चालली?"

"चाला."

"अवं, पोहे? भिजवले काय तू?"

"नाई भिजवले."

"कांदे?"

"नाई चिरले. चाला म्हनलं ना."

"लोकायचा नाश्ता, रुख्मे! भगवंतराव काय म्हनतीन? आजवर येक जेवन चुकलं नाई माह्या हातून!"

"म्हून तर चाला म्हनलं," ती म्हणाली आणि त्याच्या मनगटाला धरून चालू लागली. लोकांसमोर नवऱ्याचा हात धरायची ही तिची पहिलीच वेळ. पण लोक होते कुठे? गल्ल्या रिकाम्या होत्या. एक म्हातारी दारापुढे झाडत होती, तिने वर पाहून मान हलवली. दोन वळणं झाली, एक चढ आला, आणि पुढे घरं संपली.

पुंजाराम म्हणत होता तसं ते नव्हतं. निळं नव्हतं, जांभळंही नव्हतं. पहाटेच्या उजेडात पाणी राखेच्या रंगाचं होतं आणि ते थांबत नव्हतं. धरणाच्या पाण्याला पलीकडचा काठ असतो, माणसाची नजर तिथे जाऊन टेकते. इथे रुख्मिणीची नजर गेली ती गेलीच. तिला भीती वाटली. मग बरं वाटलं. मग काय वाटलं ते तिलाच कळेना, आणि ती मटकन तटाच्या दगडावर बसली. खाली लाट ओढली जात होती, आपटत होती. दीपस्तंभ खरोखरच पांढराफेक होता, पण पुंजारामने हात केला होता त्याच्या बरोबर उलट्या बाजूला.

पुंजारामही बसला. पहिल्यांदा टोकाशी, उठायच्या तयारीत. हळूहळू मांडी घालून. समोरच्या टेकडीआडून सूर्य वर आला तशी पाण्यावर एक उजळ वाट पडली. तो पाहत राहिला. कसा आहे, हे तिने या वेळी विचारलं नाही.

तिकडे हॉटेलात काय झालं असेल ते सांगायला नको. मंडळी आंघोळी करून, बॅगा भरून पडवीत आली असणार. चहाचा वास नाही, फोडणीचा आवाज नाही. आणि अखेर चढावरून गोवर्धनकाका धापा टाकत वर आले, पांढऱ्या बनियनवर, टॉवेल खांद्याला.

"अहो पुंजारामभाऊ! इथे बसलात होय! तिकडे सगळे उपाशी! चहासुद्धा नाही! बस हॉर्न मारून राहिली!"

सवयीने पुंजाराम ताडकन अर्धा उठला. "आलो जी काका, धा मिनिटात..."

रुख्मिणीने मान वळवली नाही. तिने फक्त हात लांब करून त्याच्या शर्टाचं टोक धरलं आणि खाली ओढलं.

"बसा," ती म्हणाली. "तुमचं पाहून नाई झालं अजून."